कार्ड लावल्यावर मशीन नेमकं कुठे थांबतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नसमारंभाचं चित्रीकरण करणाऱ्या एका छायाचित्रकाराने जुनं फुटेज साठवायला वेगळं मशीन असेंबल केलं. इंटेलचा साधा डेस्कटॉप बोर्ड, डिस्प्ले बोर्डावरचाच, विंडोज एम.२ एसएसडीवर. हार्ड डिस्क जोडायचे बोर्डावरचे चारही साटा पोर्ट भरले, म्हणून सर्व्हरमधून काढलेलं, जास्तीच्या डिस्क जोडायचं आठ पोर्टचं सॅस कार्ड सेकंडहँड आणलं. ते लावलं की पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. काढलं की सगळं सुरळीत. मग चार पोर्टचं नवं, स्वस्त साटा कार्ड आणलं. त्याच्यासोबत बोर्डाचा लोगो येतो आणि पुढे ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश. कार्ड विकणारा म्हणतो बोर्ड गेला, बोर्डवाला म्हणतो कार्ड खराब. आता काय करायचं?

तुमचा बोर्ड बहुधा चांगला आहे, आणि दोन्ही कार्डंही. ‘कार्ड लावलं की बूट होत नाही’ हे वाक्य दोन्हीकडे सारखंच वाटतं, पण तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिल्या कार्डासोबत मशीन डिस्प्ले येण्याआधीच थांबतंय, दुसऱ्यासोबत बायोसने, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामने, आपलं काम संपवून डिस्क शोधायला घेतल्यावर. मशीन कुठे थांबतं हे एकदा नक्की कळलं की निम्म्याहून जास्त शंका तिथेच गळून पडतात. ते न बघता वस्तू बदलत बसलं की पैसे जातात, वेळ जातो, आणि डेटा धोक्यात येतो तो वेगळाच.

म्हणून आधी डेटाचं बघू. मशीन बंद करा, मागचा पॉवर कॉर्ड काढा आणि फुटेजच्या सगळ्या हार्ड डिस्कची डेटा केबल व पॉवर केबल दोन्ही सोडवा. स्लॉटमध्ये फक्त कार्ड ठेवा, त्याला एकही डिस्क नको. या अवस्थेत मशीन चालू करा. ही एक चाचणी मी कधीच चुकवत नाही. नुसत्या कार्डावर मशीन सुरू झालं तर दोष डिस्क, केबल, पॉवर किंवा बूटचा क्रम यांत आहे. नुसत्या कार्डावरही अडलं तर कार्ड, स्लॉट किंवा कार्डावरचा रॉम (त्यात साठवलेला छोटा प्रोग्राम) यांच्याकडे बघायचं. सर्व्हरची कार्डं स्वतःची तपासणी करायला बराच वेळ घेतात, एक मिनिटसुद्धा, त्यामुळे ‘अडकलं’ असं ठरवण्याआधी घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा.

सर्व्हरच्या कार्डाबद्दल आणखी एक. त्यात रेडचं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायचं, फर्मवेअर (कार्डातला कायमचा प्रोग्राम) असेल तर पडद्यावर व्हर्च्युअल डिस्क तयार करण्याचा, इनिशियलाइज करण्याचा किंवा परकी कॉन्फिगरेशन (दुसऱ्या कार्डावर केलेली डिस्कची मांडणी) आत घेण्याचा पर्याय येतो. फुटेज असलेली डिस्क जोडलेली असताना यातल्या कशालाही हो म्हणू नका. इनिशियलाइज म्हणजे डिस्कवर लिहिणं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कितीतरी डिस्क मुळात ठणठणीत होत्या, पण घाईत दाबलेल्या एका कळीमुळे त्यांच्यावरचं काम गेलं.

आता पहिलं कार्ड. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. आपल्याकडे डिस्प्ले येत नाही म्हटलं की पहिल्यांदा रॅम काढून, खोडरबराने घासून परत लावतात. तुम्हीही तसं केलंच असेल. गंमत वाटेल, पण त्या सवयीत थोडं तथ्य आहे: बोर्डाला खरंच रॅम सापडत नसते. मात्र दोष रॅममध्ये नसतो.

रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक बारीकशी चिप असते. ही पट्टी किती जीबीची, किती वेगाची, कोणत्या टायमिंगची, ही माहिती तिच्यात असते. बायोस चालू झाल्याझाल्या ती माहिती वाचतं, आणि वाचायचा रस्ता म्हणजे एसएमबस नावाच्या दोन तारा. याच दोन तारा पुष्कळ बोर्डांवर कार्ड बसवायच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटपर्यंतही नेलेल्या असतात. सर्व्हरमध्ये त्यांच्यावरून कार्डाचं तापमान आणि तब्येत विचारली जाते. म्हणजे सर्व्हरसाठी बनवलेलं कार्ड या तारांवर बोलण्याच्या तयारीनेच आलेलं असतं. ते डेस्कटॉप बोर्डात लावलं की रॅमची माहिती वाचली जात असतानाच कार्डही त्या तारांवर येतं, वाचन फसतं आणि बोर्ड डिस्प्लेपर्यंत पोचतच नाही. डेलची पर्क ५/आय, पर्क ६/आय आणि एच३१० ही कार्डं इंटेल चिपसेटच्या डेस्कटॉप बोर्डांत असं करतात, हे या कामातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. कार्डात खोट नाही. ते ज्या घरासाठी घडवलं त्या घराबाहेर आलंय, एवढंच.

उपाय पाच मिनिटांचा आहे. त्या दोन पिनांवर चिकटपट्टी लावून त्यांचा स्लॉटशी संपर्क तोडायचा. कार्ड असं धरा की चिप आणि हीटसिंक तुमच्याकडे आहेत. खालच्या सोनेरी पट्टीत एक खाच दिसेल. कॅबिनेटला स्क्रूने बसणारी पत्र्याची पट्टी ज्या बाजूला आहे, त्या बाजूचा छोटा तुकडा म्हणजे खाचेअलीकडच्या ११ पिना. पत्र्याच्या बाजूने मोजायला लागा: १, २, ३ या १२ व्होल्टच्या, ४ ग्राउंड, आणि ५ व ६ या आपल्याला हव्या त्या एसएमबसच्या. पिनांमधलं अंतर १ मिलिमीटर असतं, म्हणजे साधारण २ मिलिमीटर रुंद चिकटपट्टी पुरते. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारी पिवळसर, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप सगळ्यात चांगली, कारण ती पातळ असते आणि स्लॉटमध्ये शिरताना गोळा होत नाही. साधी सेलोटेप उन्हाळ्यात चिकट सोडते, ती नको. पट्टी सोनेरी भागाच्या खालच्या काठावरून मागे वळवू नका, मागच्या बाजूच्या पिना वेगळ्या कामाच्या आहेत. कार्ड सरळ खाली दाबून बसवा, तिरकं सरकवलं की पट्टी जागेवरून हलते. मोजताना भिंग वापरा. मी आजही वापरतो.

हे मी पहिल्यांदा शिकलो ते एका छापखान्याच्या मशीनवर. तिथे आम्ही दोन रॅम बदलल्या, बोर्ड बदलला, आणि नवा बोर्डही तसाच गप्प राहिला. चौथ्या दिवशी चिकटपट्टीचा उपाय केला आणि डिस्प्ले आला. काढून ठेवलेला जुना बोर्ड नंतर कितीतरी वर्षं त्यांच्या हिशेबाच्या टेबलावर व्यवस्थित चालला. म्हणून विक्रेत्याने बोर्डाला दोष दिला की मी लगेच मानत नाही.

पट्टी लावूनही डिस्प्ले आला नाही, तर दुसरी शक्यता तुमच्याकडे नक्की तपासण्यासारखी आहे, कारण तुमचा डिस्प्ले बोर्डावरचा आहे. कार्ड तुम्ही लांबीने सर्वात मोठ्या, प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये लावलं असणार. काही बोर्ड त्या स्लॉटमध्ये काहीही बसलं की ते ग्राफिक्स कार्ड असावं असं धरतात आणि स्वतःचा डिस्प्ले बंद करतात. मशीन आत सुरू झालेलं असतं, विंडोजही चालू होतं, फक्त दिसत नाही. कीबोर्डचा कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो-विझतो का ते बघा. तो प्रतिसाद देत असेल तर हाच प्रकार धरा. कार्ड काढून बायोसमध्ये जा, प्राथमिक डिस्प्ले ‘ऑटो’ असेल तो बोर्डावरच्या ग्राफिक्सवर कायम करा, सेव्ह करून बंद करा आणि मग कार्ड परत लावा.

डिस्प्ले आला, पण कार्डाच्या स्वतःच्या काळ्या पडद्यावर मशीन अडकलं, तर तो ऑप्शन रॉमचा, म्हणजे कार्डावरच्या रॉमचा विषय. इथे थोडा जुना इतिहास कळला तर पुढचं सोपं जातं. १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये हार्ड डिस्कच्या कार्डावर स्वतःचा रॉम होता. बोर्डाच्या बायोसला हार्ड डिस्क कशी चालवायची ते माहीत नव्हतं, ते ज्ञान कार्ड सोबत घेऊन यायचं. सुरुवातीला बायोस ठराविक पत्त्यांवर शोध घेतं, ठरलेली खूण दिसली की तो रॉम चालवतं, आणि त्यातून कार्डावरच्या डिस्क बूटसाठी दिसू लागतात. जुन्या बायोस पद्धतीत अजून तेच चालतं. अडचण जागेची. जुन्या बायोस पद्धतीत या सगळ्या रॉमसाठी मेमरीतली ७६८ केबीपासून ८९६ केबीपर्यंतची, म्हणजे १२८ केबीची पट्टी ठेवलेली आहे. त्यातले ३२ ते ६४ केबी डिस्प्लेचा रॉम घेतो. उरलेल्या जागेत नेटवर्कवरून बूट होण्याचा रॉम, बोर्डावरच्या रेडचा रॉम आणि तुमच्या कार्डाचा रॉम असे सगळे शिरायला बघतात. जागा संपली की कुठे संदेश येतो, कुठे मशीन तिथेच गोठतं.

अशा वेळी बायोसमध्ये नेटवर्क बूट बंद करून बघा. पुष्कळदा एवढ्याने काम होतं. पण तुमच्या बाबतीत मी याहून पुढे जाईन: कार्डाचा रॉम चालवूच नका.

हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे, कारण फार थोडे लोक याचा विचार करतात. कार्डावरचा रॉम फक्त त्या कार्डावरच्या डिस्कवरून बूट करायचं असेल तरच लागतो. तुमचं विंडोज एम.२वर आहे, कार्डावर नुसतं फुटेज. विंडोज सुरू झालं की त्याचा ड्रायव्हर कार्डाशी थेट बोलतो, रॉमची त्याला गरज नसते. बायोसमध्ये सीएसएमच्या (जुनी बायोस पद्धत चालवायच्या सोयीच्या) पानावर स्टोरेज ऑप्शन रॉम असा पर्याय असेल तर तो बंद करा. नसेल, तर एलएसआयच्या सॅस २००८ चिपच्या कार्डात, म्हणजे ९२११-८आय आणि तिच्या भावंडांत, सुरुवातीला कंट्रोल आणि सी दाबून सेटिंगमध्ये जाता येतं. तिथे बूट सपोर्ट ‘फक्त ओएस’ किंवा बंद असा ठेवता येतो. आणि कार्डावर फर्मवेअर नव्याने चढवायचंच असेल तर आयटी प्रकारचं, म्हणजे रेड न करता डिस्क जशाच्या तशा दाखवणारं चढवा आणि सोबतची बूट रॉमची फाइल देऊच नका. कार्ड रॉमशिवाय राहतं, मशीन लवकर सुरू होतं आणि या प्रकारच्या सगळ्या अडचणी संपतात. या चिपसाठी फेज २० मालिकेतली २०.००.०७.०० ही आवृत्ती घ्या, २०.००.००.०० टाळा. फर्मवेअर पुसण्याआधी कार्डावरच्या स्टिकरवरचा सॅस ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, वहीत उतरवून घ्या. नव्या यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) बोर्डावर डॉसमधून फ्लॅश करताना ‘पाल सुरू होऊ शकला नाही’ अशा अर्थाची चूक येते. ती आली म्हणजे कार्ड गेलं असं नव्हे, ईएफआय शेलमधून चालणारा फ्लॅशर वापरायचा. फ्लॅश चालू असताना वीज गेली तर मात्र कार्ड खरंच अडचणीत येतं, त्यामुळे यूपीएस नसेल तर हे काम करू नका.

रेड कार्डाचा एक वेगळा त्रास म्हणजे ‘पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा’. कार्डाची बॅटरी संपली किंवा परकी कॉन्फिगरेशन सापडली की ते थांबून राहतं. एका पतसंस्थेच्या सर्व्हरला कीबोर्ड-मॉनिटर काहीच नव्हतं. वीज जाऊन आल्यावर तो परत उठला नाही म्हणून मी ९० किलोमीटर गेलो आणि स्पेस बार दाबून परत आलो. त्या कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘चूक आल्यास थांब’ हे बदलून ‘चूक ओलांडून पुढे जा’ केलं. मशीन दूर असेल तर हे आधीच करून ठेवा.

आता दुसरं, स्वस्त कार्ड. लोगो येतो, म्हणजे पोस्ट (सुरुवातीची तपासणी) झालं, रॅम ठीक, डिस्प्ले ठीक. बायोसला फक्त बूटची डिस्क मिळत नाही. माझा पहिला संशय तुमच्या एम.२ स्लॉटवर आहे. चिपसेटकडे पीसीआय एक्स्प्रेसच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, मोजक्या असतात, म्हणून अनेक बोर्डांत एम.२ आणि खालचा एखादा स्लॉट किंवा एकदोन साटा पोर्ट त्याच लेन वाटून घेतात. स्लॉटमध्ये कार्ड बसलं की एम.२ बंद होते, आणि तुमचं विंडोज तिच्यावरच आहे. कार्ड लावलेलं असताना बायोस उघडा आणि एम.२ची एसएसडी यादीत आहे का बघा. नसेल तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा. कोणता स्लॉट कशाशी वाटलेला आहे ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये, बहुतेकदा बारीक अक्षरातल्या टीपेत दिलेलं असतं.

एसएसडी यादीत दिसत असेल, तर क्रम बिघडलाय. बूटचा क्रम कसा ठरावा यासाठी कॉम्पॅक, फिनिक्स आणि इंटेल यांनी १९९६मध्ये एक पद्धत लिहिली. तिच्यानुसार कार्डाचा रॉम स्वतःच्या डिस्क बायोसच्या यादीत घालतो. कार्डावरची डिस्क यादीत वर गेली आणि तिच्यावर फक्त फुटेज असेल, तर बूट काय होणार? बायोसमध्ये बूटच्या क्रमाचं पान आणि हार्ड डिस्कच्या प्राधान्याचं पान ही अनेकदा वेगवेगळी असतात. दुसरं पान बघायचं राहून जातं. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेलं असेल तर यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी नोंद असते, तीच पहिली ठेवा.

इथे एक कळकळीची सूचना. या गोंधळात लोक बोर्डाचा सेल काढून बायोस रीसेट करतात, आणि एका बिघाडाचे दोन होतात. रीसेटने साटाचा मोड रेडवरून एएचसीआयवर जातो किंवा उलटा फिरतो, सीएसएम चालू-बंद होतं, इंटेलचं व्हीएमडी (डिस्क हाताळायची आणखी एक सेटिंग) बदलतं. मग कार्ड काढलं तरी विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून पडतं, आणि आपल्याला वाटतं कार्डाने काहीतरी जाळलं. बायोसला हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला रॉम बोर्ड चालवत नाही. त्यामुळे कार्डावरच्या डिस्क बायोसमध्ये दिसत नाहीत, पण विंडोजमध्ये दिसतात. तुम्हाला कार्डावरून बूट करायचंच नाही, तर त्याची काळजी नको, सिक्युअर बूट बंदही करू नका.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी चार ओळी. कार्ड आल्यावर डिस्कची नावं बदलतात, काल एसडीए होती ती आज एसडीसी होते. म्हणून माउंटच्या यादीत नावाऐवजी यूयूआयडी लिहा आणि डेटाच्या डिस्कला ‘नोफेल’ द्या, नाहीतर एक डिस्क नसली की सिस्टम ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाते. एएसमीडियाच्या ११६६ चिपची काही कार्डं सहा पोर्ट असताना कितीतरी जास्त पोर्ट असल्याचं सांगतात, कर्नल प्रत्येक रिकामा पोर्ट तपासतो आणि बूट लांबतं. तो बिघाड नाही, उशीर आहे.

नुसत्या कार्डावर मशीन सुरू झालं, की डिस्क एकेक करून लावा. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर ओढते. आठ डिस्क एकदम फिरल्या तर फक्त त्या क्षणासाठी १९० वॅटच्या आसपास लागतात. साधा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तिथे दम सोडतो आणि मशीन चालू-बंद होत राहतं. एकाच मोलेक्स (जुन्या चार पिनांच्या पॉवर) वायरला चार-चार जोड लावून डिस्क चालवू नका, असले जोड वितळलेले मी पाहिले आहेत. सॅस कार्डातून चार साटा टोकं निघणाऱ्या केबलला दिशा असते. फॉरवर्ड आणि रिव्हर्स दिसायला एकसारख्याच, पण कार्डाकडून डिस्ककडे जायला फॉरवर्डच लागते. लॅमिंग्टन रोडवर मागतानाही हा शब्द स्पष्ट सांगा.

आणि सर्व्हरच्या कार्डाला वारा लागतो. त्याच्या हीटसिंकवर पंखा नसतो, कारण सर्व्हरमध्ये समोरून जोरात हवा येते. या कार्डांना मिनिटाला २०० फूट वेगाची हवा अपेक्षित असते. बंद कॅबिनेटमध्ये, एप्रिल-मेच्या दुपारी ते इतकं तापतं की थंड असताना बूट होतं आणि रीस्टार्टला डिस्क गायब होतात. हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा बसवा.

तुम्ही सुरुवात चिकटपट्टीपासून करा, डिस्क सोडवूनच. डिस्प्ले आला तर स्वस्त कार्ड परत करून टाका, आठ पोर्टचं ठेवा, मात्र त्याचा रॉम बंद करून आणि वर पंखा लावून. डिस्प्ले नाहीच आला, तर बोर्डाचा नेमका मॉडेल क्रमांक, कार्डावरच्या स्टिकरचा फोटो आणि कॅप्स लॉकचा दिवा प्रतिसाद देतो का, एवढं कळवा. तोवर नवा बोर्ड घेऊ नका.